अवकाशस्थ दुर्बिणींचा इतिहास आणि पुणे-बंगळूर मार्गावरील खगोलसंशोधन

प्रास्ताविक

बेळगाव आणि निपाणी ही दोन्ही गावे पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेली आहेत. निपाणीला तंबाखूच्या व्यापारामुळे आणि बेळगावला लष्करी छावणीमुळे या मार्गाचे महत्त्व पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु याच मार्गाच्या दोन टोकांना भारतातील अवकाश-खगोलशास्त्राच्या प्रमुख संस्था उभ्या राहिल्या, ही बाब सीमाभागातील वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. उत्तरेस पुण्याला आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच आयुका, आणि त्याही पलीकडे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. दक्षिणेस बंगळूरला भारतीय अवकाश संशोधन संस्था अर्थात इस्रो, भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि रामन संशोधन संस्था आहेत. २०१५ मध्ये अवकाशात गेलेली भारताची पहिली बहुतरंगलांबी वेधशाळा ‘ॲस्ट्रोसॅट’ ही मुख्यत्वे या दोन टोकांच्या सहकार्यातून साकार झाली.

योगायोग असा की, या क्षेत्राशी निगडित दोन मोठी नावे याच सीमाभागाच्या परिसरातील आहेत. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ मध्ये कोल्हापूरला झाला, तर डॉ. श्रीनिवास कुलकर्णी यांचा १९५६ मध्ये शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाडला. पहिल्याने पुण्यात संस्था उभारली. दुसऱ्याने हुबळीला शालेय शिक्षण घेतले आणि पुढे अमेरिकेत राहून अवकाशस्थ दुर्बिणींनी उपस्थित केलेल्या प्रश्नांचा जमिनीवरील दुर्बिणींच्या साहाय्याने पाठपुरावा केला.

अवकाशातील दुर्बिणींचा इतिहास सांगताना सामान्यतः हबलपासून सुरुवात होते आणि हबलपाशीच शेवट होतो. प्रस्तुत लेखाचा रोख थोडा वेगळा आहे. अशी दुर्बीण एखाद्या देशाला कशी साध्य होते, तिच्याआधी किती वर्षे खर्ची पडतात आणि मधल्या काळात काय काय बिघडते, हे पाहणे हा त्याचा हेतू आहे.

वातावरणाचा अडसर

दुर्बीण अवकाशात का न्यावी, याचे सोपे उत्तर सीमाभागातील माणसाला वेगळे सांगण्याची गरज नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बेळगावला तारा दिसणे दुर्मीळ. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ गिरवली येथे आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. पावसाळ्यात तिचेही काम थांबते. परंतु ढग ही तुलनेने किरकोळ अडचण आहे. निरभ्र रात्रीही हवा स्थिर नसते. तिच्या थरांमधील चलबिचलीमुळे ताऱ्यांचा प्रकाश थरथरतो आणि दुर्बिणीतील प्रतिमा पसरट होते. याहून मूलभूत अडचण अशी की, प्रकाशाचे अनेक प्रकार जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. अतिनील किरणांचा मोठा भाग ओझोनच्या थरात शोषला जातो, अवरक्त किरणांचा बराच भाग पाण्याच्या वाफेत अडतो आणि क्ष-किरण तर वरच्या हवेतच संपतात. आकाशातील क्ष-किरण आपल्यापर्यंत येत नाहीत ही जीवसृष्टीच्या दृष्टीने कृपाच आहे. खगोलशास्त्रज्ञाच्या दृष्टीने मात्र ती भिंत आहे.

ही भिंत ओलांडण्याची कल्पना कागदावर बरीच आधी आली. हर्मन ओबर्थ यांनी १९२३ मधील आपल्या ग्रंथात पृथ्वीभोवती फिरणाऱ्या दुर्बिणीचा उल्लेख केला होता. १९४६ मध्ये लायमन स्पिट्झर या अमेरिकन शास्त्रज्ञाने वातावरणाबाहेरील वेधशाळेचे फायदे सांगणारा अहवाल लिहिला. त्या वेळी एकही कृत्रिम उपग्रह नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनांकडून हस्तगत केलेल्या व्ही-२ अग्निबाणातून उपकरण पाठवून सूर्याचा अतिनील वर्णपट प्रथमच नोंदवण्यात आला. युद्धात लंडनवर डागण्यासाठी बनवलेले अस्त्र सूर्याचा वर्णपट घेण्याच्या कामी आले, याची नोंद विज्ञानाच्या इतिहासात आवर्जून ठेवली पाहिजे.

पूर्वपीठिका: पुणे आणि हैदराबाद

आधुनिक वेधशाळांची परंपरा या भागाला अगदीच परकी नव्हती. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये ‘महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा’ सुरू केली. तेथील वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. मात्र १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. उपकरणे कोडाईकॅनॉलला गेली. एका व्यक्तीच्या निवृत्तीबरोबर एक वेधशाळा संपते, हा अनुभव पुढील चर्चेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हैदराबादला याच सुमारास, १९०१ मध्ये, नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या खर्चाने एक वेधशाळा उभारली. १९०८ मध्ये ती निजाम सरकारकडे आली आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे सोपवली गेली. निजामिया वेधशाळा या नावाने ती प्रसिद्ध आहे. संपूर्ण आकाशाचे छायाचित्र घेण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात तिने आपल्या वाट्याचे काम पूर्ण केले. तिच्या बंद न पडण्यामागे विद्यापीठाचा आधार होता, हे उघड आहे. भारतातील आधुनिक खगोलशास्त्राचे शिल्पकार मानले जाणारे वेणू बाप्पू यांचे वडील याच वेधशाळेत काम करीत. पुढे हैदराबादनेच अवकाश-खगोलशास्त्राला दुसऱ्या एका मार्गाने हात दिला.

फुगे, अग्निबाण आणि ‘आर्यभट’

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी तेथे प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे बनवून उंच सोडण्याचे तंत्र विकसित झाले. असा फुगा तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर जातो. तेथे हवेचा जवळपास सगळा भार खाली राहिलेला असतो, आणि अधिक ऊर्जेचे क्ष-किरण तेथपर्यंत पोहोचतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हैदराबादहून फुगे सोडून आकाशातील क्ष-किरणांचे वेध घेण्यास प्रारंभ केला. फुग्यांसाठीचे कायमस्वरूपी केंद्रही पुढे हैदराबादलाच झाले.

हा प्रारंभ जगाच्या मानाने फार उशिरा झालेला नव्हता. सूर्यमालेबाहेरील पहिला क्ष-किरण स्रोत, वृश्चिक राशीतील ‘स्कॉर्पियस एक्स-१’, जून १९६२ मध्ये रिकार्दो जियाकोनी यांच्या गटाला अग्निबाणातील उपकरणाने सापडला होता. त्या उड्डाणात प्रत्यक्ष निरीक्षणाला जेमतेम पाच-सहा मिनिटे मिळाली. एवढ्याशा अवधीतून जे नवे शास्त्र जन्मले, त्यासाठी चाळीस वर्षांनी, २००२ मध्ये, जियाकोनी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरणांचा अभ्यास करणारा पहिला उपग्रह १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळील समुद्री तळावरून सोडण्यात आला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून उपग्रहाला ‘उहुरू’ हे नाव देण्यात आले. स्वाहिली भाषेतील हा शब्द मूळ अरबी ‘हुर्र’पासून आलेला आहे. उर्दूतील ‘हुर्रियत’ त्याच कुळातला. उहुरूने तीनशेहून अधिक क्ष-किरण स्रोतांची सूची दिली आणि हंस तारकासमूहातील ‘सिग्नस एक्स-१’ हे कृष्णविवर असावे या तर्काला बळ दिले.

भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून उडाला. त्याच्या उभारणीचे नेतृत्व उडुपी परिसरातील अदमारू येथे जन्मलेल्या यू. आर. राव यांनी केले. हा केवळ तंत्रज्ञानाचा नमुना होता असे अनेकदा लिहिले जाते. ते अपुरे आहे. ३६० किलो वजनाच्या या उपग्रहावर तीन वैज्ञानिक प्रयोग होते आणि त्यातील एक क्ष-किरण खगोलशास्त्राचा होता. म्हणजे भारताने पहिल्याच उपग्रहातून ताऱ्यांकडे पाहण्याचा प्रयत्न केला होता. दुर्दैवाने चौथ्या-पाचव्या दिवशी वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि प्रयोग बंद पडले. उपग्रह पुढे १९९२ पर्यंत पृथ्वीभोवती फिरत राहिला, पण त्याचे डोळे मिटलेलेच राहिले.

अमेरिकेचा अनुभवही वेगळा नव्हता. १९६६ मध्ये सोडलेली त्यांची पहिली परिभ्रमी वेधशाळा तीन दिवसांत निकामी झाली. तिची एकही दुर्बीण उघडली गेली नाही. दुसरी १९६८ मध्ये यशस्वी ठरली, त्यानंतरची एक १९७० मध्ये प्रक्षेपणातच नष्ट झाली. फरक होता तो पुन्हा प्रयत्न करण्याच्या वेगात. अमेरिकेला दोन वर्षे पुरली. भारतात १९८७ आणि १९८८ मध्ये गॅमा किरणांच्या स्फोटांचा शोध घेणारी उपकरणे ‘स्रॉस’ मालिकेतील उपग्रहांवर बसवली गेली, पण दोन्ही वेळा प्रक्षेपण फसले. १९९२ आणि १९९४ मध्ये त्याच मालिकेतील पुढील उपग्रहांनी हे काम केले. २१ मार्च १९९६ रोजी पृथ्वीच्या निरीक्षणासाठी सोडलेल्या ‘आयआरएस-पी३’ उपग्रहावर मुंबई व बंगळूर येथील संस्थांची क्ष-किरण उपकरणे दुय्यम प्रवासी म्हणून गेली आणि ‘जीआरएस १९१५+१०५’ या कृष्णविवराच्या चंचल स्वभावाचे उत्तम वेध त्यांनी दिले. आर्यभटपासून एकवीस वर्षे लोटली होती, आणि तरीही स्वतःची अशी खगोलीय वेधशाळा भारताकडे नव्हती.

हबल आणि त्याचा आरसा

या काळात पाश्चात्त्य देशांत एकामागून एक वेधशाळा गेल्या: १९७८ मध्ये अतिनील किरणांसाठी ‘आययूई’ आणि क्ष-किरणांसाठी ‘आइन्स्टाइन’, १९८३ मध्ये अवरक्त किरणांसाठी ‘आयरास’. पण लोकमानसात ठसली ती २४ एप्रिल १९९० रोजी प्रक्षेपित झालेली हबल दुर्बीण. तिचा आरसा २.४ मीटर व्यासाचा, म्हणजे गिरवलीच्या दुर्बिणीपेक्षा फारसा मोठा नाही. तिचे सामर्थ्य आकारात नसून स्थानात आहे.

पहिली चित्रे आली तेव्हा ती धूसर निघाली. आरसा अत्यंत काटेकोरपणे घासलेला होता, पण चुकीच्या आकारात. कडेला तो सुमारे २.२ मायक्रॉन अधिक सपाट झाला होता. माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा ही चूक कितीतरी लहान. कारण अधिकच बोलके होते. आरसा तपासणाऱ्या साधनातील एक भिंग १.३ मिलिमीटर सरकून बसले होते. मोजपट्टीच चुकीची असल्याने आरसा तिच्याबरहुकूम अचूकपणे चुकला. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दृष्टिदोष सुधारणारी साधने बसवली आणि त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे. २००९ पर्यंत अशा एकूण पाच दुरुस्ती-मोहिमा झाल्या. हबलची कक्षा अंतराळवीरांच्या आवाक्यात होती हे तिचे भाग्य. बहुतेक अवकाश-दुर्बिणींना ते लाभत नाही. जमिनीवरून सुटले की जे आहे ते आहे. २५ डिसेंबर २०२१ रोजी गेलेली, साडेसहा मीटर आरशाची जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर आहे. तेथे कोणी पाना घेऊन जाणार नाही.

नारळीकर आणि आयुका

नारळीकर केंब्रिजहून १९७२ मध्ये टाटा संस्थेत आले आणि १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुणे विद्यापीठाच्या आवारात स्थापन केलेल्या आयुकाचे संस्थापक संचालक झाले. २००३ पर्यंत ते त्या पदावर होते. डिसेंबर १९९२ मध्ये संस्थेचे समर्पण सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते झाले. लाहोरला जन्मलेल्या याच शास्त्रज्ञाचे नाव पुढे १९९९ मध्ये गेलेल्या ‘चंद्रा’ या क्ष-किरण वेधशाळेला मिळाले.

आयुकाचे वैशिष्ट्य तिच्या नावातच आहे. विद्यापीठे व महाविद्यालयांतील शिक्षक-विद्यार्थ्यांना, मोठी उपकरणे स्वतः घेण्याची ऐपत नसली तरी, संशोधनाची संधी मिळावी हा तिचा उद्देश. मोठ्या शहराबाहेरील महाविद्यालयात शिकवणाऱ्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकासाठी हा दरवाजा किती महत्त्वाचा आहे, हे बेळगाव-निपाणीकडील शिक्षकवर्ग जाणतो.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे न्याय्य ठरेल. नारळीकर हे महास्फोट सिद्धान्ताचे आयुष्यभर टीकाकार होते. फ्रेड हॉइल यांच्यासमवेत त्यांनी पर्यायी मांडणी केली. १९८९ मध्ये सोडलेल्या ‘कोबे’ उपग्रहाने विश्वातील सूक्ष्मलहरींचा जो वर्णपट दिला, तो बहुसंख्य शास्त्रज्ञांच्या मते महास्फोटाच्या बाजूचा निर्णायक पुरावा होता. नारळीकरांनी आपला आक्षेप सोडला नाही. १९९३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह सुधारित सिद्धान्त मांडला. आपल्या आवडत्या मताच्या विरोधात जाणारे पुरावे ज्या साधनांनी दिले, त्याच प्रकारची साधने घडवणारी प्रयोगशाळा त्यांच्या संस्थेत वाढली. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे सिद्धान्त टिकतील वा न टिकतील, हा दरवाजा टिकला आहे.

कुरुंदवाड, हुबळी आणि गॅमा किरणांचे कोडे

अवकाशातील दुर्बीण एकटी पुरेशी नसते, हे श्रीनिवास कुलकर्णी यांच्या कार्यावरून उत्तम समजते. दिल्लीच्या आयआयटीतून १९७८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन ते बर्कलीला गेले. विद्यार्थिदशेतच, १९८२ मध्ये, सेकंदाला सहाशेहून अधिक वेळा फिरणाऱ्या पहिल्या मिलिसेकंद स्पंदकाच्या शोधात त्यांचा सहभाग होता. १९८५ पासून ते कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे कॅलटेकमध्ये आले.

१९६७ पासून अमेरिकेच्या ‘वेला’ उपग्रहांना गॅमा किरणांचे क्षणिक स्फोट आढळत होते. हे उपग्रह चोरट्या अणुचाचण्या पकडण्यासाठी सोडलेले असल्याने ही माहिती १९७३ पर्यंत प्रसिद्धच झाली नाही. पुढची चोवीस वर्षे एकच वाद चालला: हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या परिसरातले की विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यातले? गॅमा किरणांची दिशा नेमकी कळत नसल्याने मोठ्या दुर्बिणी कोठे रोखाव्यात हेच ठरत नव्हते. इटली व नेदरलँड्सचा ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रह १९९६ मध्ये गेला आणि स्फोटानंतर उरणारी क्ष-किरणांची धग पकडून तो काही तासांत जागा सांगू लागला. ८ मे १९९७ रोजी झालेल्या स्फोटाची जागा अशीच कळली. कुलकर्णी ज्या गटात होते त्या कॅलटेकच्या गटाने हवाई बेटावरील दहा मीटर व्यासाच्या केक दुर्बिणीने त्या ठिकाणच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. त्यातील ताम्रसृतीवरून सिद्ध झाले की हा स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूर होता. वाद संपला. उपग्रहाने बोट दाखवले, जमिनीवरच्या दुर्बिणीने अंतर मोजले.

त्याआधी १९९५ मध्ये कुलकर्णी व सहकाऱ्यांनी पालोमार पर्वतावरील दुर्बिणीने सुमारे १९ प्रकाशवर्षांवरील ‘ग्लिझ २२९ बी’ हा पहिला निर्विवाद तपकिरी बटू शोधला होता. तारा होऊ न शकलेला आणि ग्रहही नसलेला हा गोळा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हबलने टिपला. २०२४ मध्ये असे आढळले की तो एक नसून एकमेकांभोवती फिरणारी जोडी आहे. त्याच वर्षी कुलकर्णी यांना शॉ पारितोषिक मिळाले.

ॲस्ट्रोसॅट

१९९६ च्या क्ष-किरण प्रयोगाच्या यशानंतर भारतीय शास्त्रज्ञांनी संपूर्ण खगोलीय उपग्रहाची मागणी पुढे रेटली. त्या वेळी इस्रोचे अध्यक्ष असलेले के. कस्तुरीरंगन स्वतः क्ष-किरण खगोलशास्त्रातून आलेले, ही अनुकूल गोष्ट होती. टाटा संस्थेचे पी. सी. अगरवाल हे या प्रकल्पाचे प्रमुख प्रवर्तक. २००४ मध्ये मंजुरी मिळाली आणि प्रक्षेपण झाले २८ सप्टेंबर २०१५ रोजी. अकरा वर्षे हा काळ मोठा वाटतो. तो का लागला, हे उपकरणांच्या रचनेवरून कळते.

क्ष-किरण साध्या आरशावर सरळ पडले तर आत शिरतात, परावर्तित होत नाहीत. पाण्यावर चपटा दगड अगदी तिरका फेकला तरच तो उसळतो, तसे या किरणांना आरशावर घासून जाऊ द्यावे लागते. म्हणून ‘एसएक्सटी’ या दुर्बिणीसाठी मुंबईला सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांची, एकात एक बसवलेली अनेक कवचे तयार करण्यात आली. अधिक ऊर्जेच्या क्ष-किरणांना तर हेही जमत नाही. त्यांच्यासाठीच्या ‘सीझेडटीआय’ उपकरणात आरसा नाहीच; ठरावीक नक्षीची छिद्रे असलेली पट्टी वर आणि सोळा हजारांहून अधिक सूक्ष्म घटकांचा शोधक खाली. जाळीदार खिडकीची सावली कशी पडली यावरून ऊन कोठून आले ते ओळखावे, तसे गणिताने स्रोताची दिशा काढली जाते. या उपकरणात टाटा संस्थेबरोबर आयुकाचाही वाटा होता. अशाच प्रकारच्या शोधकाची रंगीत तालीम २००९ मध्ये एका रशियन उपग्रहावर झाली होती. तो उपग्रह वर्ष पुरे होण्याआधी निकामी झाला, पण हात तयार झाले.

तिसरे महत्त्वाचे उपकरण ‘यूव्हीआयटी’, म्हणजे ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दोन जोड-दुर्बिणी. बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था, आयुका आणि कॅनडा यांनी मिळून ते घडवले. आयुकाचे श्याम टंडन यांचा त्यात मोठा सहभाग होता; त्याआधी टाटा संस्थेत असताना हैदराबादहून फुग्याने उडणाऱ्या एक मीटर व्यासाच्या अवरक्त दुर्बिणीवर त्यांनी काम केले होते. अतिनील दुर्बिणीचा शत्रू म्हणजे मळ. उपग्रहातील रंग, डिंक, प्लॅस्टिक यांतून निघणाऱ्या वाफांचा अदृश्य थर आरशावर बसला तरी अतिनील किरण अडतात. म्हणून अवकाशात गेल्यावरही सुमारे दोन महिने दुर्बिणींची झाकणे मिटलेली ठेवून ती वाफ निघून जाऊ देण्यात आली. सुमारे १७८ कोटी रुपये खर्चाचा, दीड टन वजनाचा हा उपग्रह ६५० किलोमीटर उंचीवर विषुववृत्तालगत फिरतो. दक्षिण अटलांटिकवरील विद्युतभारित कणांचा दाट पट्टा टाळण्यासाठी ही कक्षा निवडलेली आहे.

६ ऑक्टोबर २०१५ रोजी सीझेडटीआय सुरू केले आणि त्याच दिवशी त्याने एक गॅमा किरण स्फोट टिपला. चाळीस वर्षे आर्यभटचे अपुरे राहिलेले काम पाहता हा दिवस विलक्षण म्हणावा लागेल. २०२२ पर्यंत अशा स्फोटांची संख्या पाचशेवर गेली. २०१७ मध्ये याच उपकरणाने खेकडा तेजोमेघातील स्पंदकाच्या क्ष-किरणांच्या ध्रुवीकरणाचे मापन प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये आयुकाच्या कनक साहा यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेतून येणारे तीव्र अतिनील किरण यूव्हीआयटीने शोधल्याचे जाहीर झाले. हबलने जो आकाशाचा तुकडा शेकडो तास न्याहाळला होता, त्याच तुकड्यावर ही ३८ सेंटिमीटरची दुर्बीण अठ्ठावीस तासांहून अधिक काळ रोखलेली होती. देवयानी दीर्घिकेचे अतिनील सर्वेक्षणही या दुर्बिणीने केले. ‘छोटा ढग’ म्हणून या दीर्घिकेची पहिली लेखी नोंद इ. स. ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अस्-सूफी यांच्या स्थिर ताऱ्यांवरील अरबी ग्रंथात सापडते. ती नुसत्या डोळ्यांनी केलेली होती.

बिघाडही झाले. यूव्हीआयटीची जवळच्या अतिनील पट्ट्यातील वाहिनी २०१८ मध्ये बंद पडली आणि वायू भरलेल्या तीन क्ष-किरण मापकांपैकी एक त्याच वर्षी बंद करावा लागला. तरीही पाच वर्षांसाठी बनवलेल्या या उपग्रहाने २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण केली.

ग्रहणाविना सूर्य

१६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारवार किनाऱ्याकडून हुबळी, रायचूर असा गेला होता. देशोदेशीचे शास्त्रज्ञ त्या पट्ट्यात तळ ठोकून होते, कारण सूर्याचे बाह्य प्रभामंडल नीट पाहण्यासाठी तेवढीच दोन-तीन मिनिटे मिळतात. २ सप्टेंबर २०२३ रोजी गेलेल्या ‘आदित्य-एल१’ वरील बंगळूरचे उपकरण सूर्यबिंब आतल्या आत झाकून हवे तेव्हा ग्रहण घडवते. त्याच यानावरील आयुकाची ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण अकरा गाळण्यांतून सूर्याची पूर्ण तबकडी टिपते. ६ जानेवारी २०२४ रोजी यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरील आपल्या कक्षेत स्थिरावले आणि २२ फेब्रुवारीला सूर्यावर झालेला एक अतितीव्र उद्रेक सूटने पकडला. नायगमवालांची उपकरणे पुणे सोडून गेल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी सूर्याची एक दुर्बीण पुण्यातून बाहेर पडली होती.

पुढील पिढीचा प्रश्न

१९९६ ते २०१५ या एकोणीस वर्षांच्या अंतराने काय साधले आणि काय हुकले, याचा हिशोब मांडणे सोपे नाही. साधले ते हे की, फुगे आणि अल्पायुषी उपकरणे यांवर हात बसलेली माणसे ॲस्ट्रोसॅटच्या वेळी कामावर होती. हुकली ती मधली संपूर्ण पिढी. जिला क्ष-किरणांचे वेध हवे होते, तिला परदेशी उपग्रहांकडे अर्ज करावे लागले. उपकरण बनवणे हे पुस्तकातून येत नाही. ते एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते, आणि मध्ये दोन दशके गेली तर घेणारा हात उरत नाही. १ जानेवारी २०२४ रोजी गेलेला ‘एक्स्पोसॅट’ उपग्रह क्ष-किरणांच्या ध्रुवीकरणाचा अभ्यास करण्यासाठी आहे. पण ॲस्ट्रोसॅटसारखी सर्वसाधारण वेधशाळा त्यामागे उभी राहिलेली नाही. बंगळूरच्या खगोलभौतिकी संस्थेने एक मीटर व्यासाच्या अतिनील दुर्बिणीचा ‘इन्सिस्ट’ प्रस्ताव मांडला आहे.

मुंबईच्या आयआयटीतून वरुण भालेराव यांच्या नेतृत्वाखाली ‘दक्ष’ हा दुसरा प्रस्ताव पुढे आला असून त्यात टाटा संस्था, आयुका आणि अन्य संस्था सहभागी आहेत. भालेराव यांनी कॅलटेकमध्ये श्रीनिवास कुलकर्णी व फियोना हॅरिसन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. २०१२ मध्ये गेलेल्या ‘न्यूस्टार’ उपग्रहासाठीच्या, सीझेडटीआयमध्ये वापरले गेले त्याच प्रकारच्या शोधकांची परीक्षा हा त्यांच्या प्रबंधाचा एक भाग होता. परतल्यावर आयुकात ते सीझेडटीआयच्या कामात सामील झाले. दक्षमध्ये एक नव्हे, दोन उपग्रह कल्पिले आहेत. खालच्या कक्षेतील एकट्या उपग्रहाला पृथ्वी सतत आकाशाचा सुमारे एक तृतीयांश भाग झाकते, आणि गॅमा किरण स्फोट नेमका त्याच भागात झाला तर तो निसटतो. म्हणून दोन उपग्रह पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंना ठेवायचे, जेणेकरून एकाला न दिसणारा भाग दुसऱ्याच्या नजरेत राहील.